वाइपआउट ओमेगा कलेक्शन: आठ महिने आणि एक मोडलेला आर-टू

गेल्या बुधवारी रात्री पावणेबाराला वाइपआउट, म्हणजे तरंगत्या यानांच्या शर्यतीचा गेम, खेळताना माझ्या कंट्रोलरचा आर-टू, म्हणजे उजवा ट्रिगर, गेला. मोआ थर्मा ट्रॅक, शेवटची फेरी, मी दुसरी. बटण दाबलं, ते आत गेलं आणि तिथेच राहिलं. उजवा एअरब्रेक, म्हणजे यानाला उजवीकडे ओढणारा ब्रेक, कायमचा लागला म्हटल्यावर यान उजव्या भिंतीला जे चिकटलं ते खरडतच राहिलं. मागची सहाच्या सहा यानं एकेक करून पुढे निघून गेली. आठांत आठवी! बटण नखाने उकरून वर काढेपर्यंत निकाल लागलासुद्धा होता.

हा अनुभव लिहायला बसले ते त्या रागातच. पण लिहिता लिहिता लक्षात येतंय की राग गेमवर नाहीच.

आठ महिन्यांपूर्वी भाच्याने सोनीचा नवा गेम कन्सोल, पीएस फाइव्ह, घेतला आणि जुना पीएस फोर माझ्या गळ्यात मारला. "मावशी, तुझ्यासाठी साडेसात हजार फक्त." सोबत पाच डिस्क. त्यातल्या चार मी आठवड्याभरात विकून टाकल्या, तेवढीच किंमत वसूल. पाचवी ही. दुकानदाराने उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली, "ताई, याला गिऱ्हाईक नाही." म्हणून ती घरात राहिली. आवडीने घेतलेली वस्तू नाही ही, न खपलेली आहे.

डिस्कवर काय आहे ते थोडक्यात. २०१७ साली आलेलं हे मालिकेतल्या आधीच्या तीन भागांचं एकत्रीकरण: 'एचडी', 'फ्युरी' आणि '२०४८', मिळून २६ ट्रॅक आणि ४६ यानं. मूळ मालिका १९९५ पासूनची, लिव्हरपूलच्या सिग्नोसिसची. त्या स्टुडिओचं पुढे स्टुडिओ लिव्हरपूल झालं आणि २०१२ मध्ये सोनीने ते बंद केलं. म्हणजे ही डिस्क आली तेव्हा मूळ स्टुडिओला टाळं लागून पाच वर्षं झाली होती. हे वाचल्यापासून डिस्क जरा जपून ठेवते.

पहिल्या दोन महिन्यांत माझं मत अगदी वाईट होतं. तेव्हा लिहिलं असतं तर "स्टिअरिंग म्हणजे दगड" एवढं लिहून पाचात दोन दिले असते. वळण दिसायचं, मी वळवायचे, आणि यान विचार करून वळायचं. तोवर भिंत आलेली. व्हेनम म्हणजे सगळ्यात संथ वर्ग, त्यातही मी धडपडत होते. वय झालं असेल म्हणून गप्प बसले. एक्केचाळीस काही फार नाही, पण भाचा एकोणीसचा.

मग एका रविवारी तोच जेवायला आला. दोन मिनिटं खेळला आणि म्हणाला, "मावशी, तुझा टीव्ही झोपलाय." रिमोट घेतला, सेटिंगमध्ये खोल कुठेतरी गेम मोड होता, तो चालू केला. तेच यान, तोच ट्रॅक, आणि बोट हललं की नाक हललेलं! मी अक्षरशः उभी राहिले.

झालं काय होतं, तर टीव्ही प्रत्येक चित्र पडद्यावर टाकण्याआधी त्याला पावडर-कुंकू करत होता: हालचाल गुळगुळीत कर, रंग चढव, कडा कोर. मालिका बघताना कळतही नाही. हा गेम सेकंदाला ६० चित्रं देतो, म्हणजे एका चित्राला साधारण १७ मिलिसेकंद. टीव्हीने त्यात सेकंदाचा दहावा हिस्सा खाल्ला तर सहा चित्रं मागे. समजा यान ताशी ६०० किलोमीटरने चाललंय, तर तेवढ्यात ते साडेसोळा मीटर पुढे गेलं. जवळजवळ दीड एसटी! मी दोन महिने दीड एसटी मागे बसून गाडी चालवत होते आणि दोष गेमला देत होते. तेव्हा ते दोन मी मागे घेतले. कुणी हा गेम "जड" आहे म्हणत असेल तर आधी टीव्हीचा रिमोट हातात घ्या.

नवा ताप एवढाच की गेम मोडमध्ये सासूबाईंना मालिकेतल्या बायका आजारी दिसतात. "अगं, पुन्हा पांढरं केलंस का?" अशी हाक आली की समजायचं, आदल्या रात्री मी सेटिंग परत करायला विसरले. साडेआठला रंगीत, साडेदहाला फिकं, असं आमच्या घरचं वेळापत्रक आहे.

आता मुद्द्यावर येते, म्हणजे आर-टूवर.

लोक या गेमला वेगाचा गेम म्हणतात. माझं म्हणणं, हा ब्रेकचा गेम आहे. वेग काय, एक्स दाबून धरला की मिळतो, त्यात कौशल्य कसलं? एल-टू डावा एअरब्रेक, आर-टू उजवा. नुसत्या स्टिकने यान वळतं ते गल्लीतल्या रिक्षासारखं, मोठा फेरा घेऊन. एअरब्रेक लावला की नाक आत ओढलं जातं. लवकर लावला तर आतली भिंत, उशिरा लावला तर बाहेरची. दोनदा पटकन टिचकी मारली की यान बाजूला सरकतं. दोन्ही एकदम दाबले की वेग उतरतो. आठ महिने मी जे शिकले ते सगळं या दोन बोटांत आहे.

आणि तिथेच माझी कंजुषी नडली. भाच्याच्या मूळ कंट्रोलरची बॅटरी अर्ध्या तासात बसायची. मूळ कंपनीचा नवा घेण्याऐवजी मी साडेअकराशेचा एक नकली आणला, सहा महिन्यांची वॉरंटी म्हणून. दिसायला हुबेहूब. आर-टू पहिल्या महिन्यापासून किंचित करकरायचा, मी म्हटलं नवा आहे, बसेल. तो बसलाच. पाच महिने वीस दिवसांनी, म्हणजे वॉरंटीत.

दुकानात बिल घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलाने बटण चार वेळा दाबून पाहिलं. "मॅडम, हे फिजिकल डॅमेज आहे. तुम्ही जोरात दाबता." म्हटलं, ट्रिगर आहे तो, दाबायचा नाही तर ओवाळायचा का? तर वॉरंटी म्हणे फक्त चार्जिंगची. हे बिलावर कुठे लिहिलंय विचारलं तर मालक जेवायला गेलेले. साडेचार वाजता कुणी जेवतं? मी बँकेच्या शाखेत दिवसभर काउंटरवरच असते, "साहेब जेवायला गेलेत"चा अर्थ मला शिकवू नका. असो. पैसे काही मिळाले नाहीत.

तोवर एक युक्ती केली, कुणाला उपयोगी पडेल म्हणून सांगते. पीएस फोरच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली बटणांची अदलाबदल करता येते. आर-टूचं काम शेजारच्या आर-वन बटणाला दिलं. मोडलेलं बटण वर अडकवून ठेवायला घडी घातलेलं बस तिकीट पुरलं. व्हेनम आणि फ्लॅश या वर्गांत निभावतं. रेपियरला चुका वाढतात. फँटमला तर हाल. आर-टू आत जाताना बोटाला अंदाज देतो, आर-वन म्हणजे दारावरची बेल. डाव्या वळणाला मी राणी आणि उजव्याला शिकाऊ, अशी चार रात्रं गाडी हाकली.

त्या चार रात्रींत मी जास्तीत जास्त 'झोन' हा यातला खेळप्रकार खेळले, आणि गेमबद्दलचं माझं मत पुन्हा एकदा बदललं. आधी झोन मला फालतू वाटायचा. शर्यत नाही, प्रतिस्पर्धी नाही, शस्त्रं नाहीत. मुख्य म्हणजे एक्सचं काम नाही. यान आपोआप धावतं आणि वेग वाढतच जातो, तुमच्या हातात फक्त वळणं आणि एअरब्रेक. भिंतीला घासलं की ढाल झिजते, ढाल संपली की खेळ संपला. टप्प्याटप्प्याने सगळा ट्रॅक रंग बदलतो, संगीताबरोबर आजूबाजूचे पट्टे वरखाली होतात. म्हणजे बनवणाऱ्यांनीच वेगाचं बटण काढून घेतलं आणि ब्रेक तेवढा ठेवला. मी वर जे म्हणाले तेच की हे!

सुरुवातीला डोळे यानाच्या नाकावर असतात. वेग चढला की तसं जमत नाही, नजर आपोआप लांब जाते, पुढच्या वळणाच्या पलीकडे. कसारा घाटात जुना ड्रायव्हर असाच बघतो. समोरच्या ट्रककडे त्याचं लक्षच नसतं, तो त्याच्या पुढचं वळण बघत असतो. एका टप्प्यानंतर मी ठरवून काही करत नसते, हात करत असतात. दिवसभराचे केवायसी, सही जुळत नाही म्हणून भांडणारे आजोबा, काही म्हणता काही डोक्यात राहत नाही. राहायला जागाच नसते. मग भिंत लागते, आणि घड्याळात साडेबारा.

नादी लागलेच म्हणून या जातीचे बाकीचे गेमही पाहिले, बहुतेक भाच्याकडे. निन्टेन्डोचा एफ-झीरो तर १९९० चा. त्यातला २००३ चा जीएक्स सेगाच्या लोकांनी बनवलेला. तो मला झेपला नाही, पण त्यातली एक गोष्ट आवडली: बूस्ट मारायला जी ऊर्जा लागते तीच तुमचा जीव. वाइपआउटमध्ये बॅरल रोल थोडा तसाच. उडी मारून हवेत गिरकी घेतली की उतरल्यावर झटका मिळतो, पण ढालीतून वजा होतो. जीव गहाण टाकून वेग घ्यायचा. बँकवालीला हा व्यवहार लगेच कळतो. पीसी असेल तर इटलीतल्या तुरीनवाल्यांचा रेडआउट आहे, २०१६ चा. तो दोन्ही स्टिकने चालवायचा, माझ्या अंगठ्यांनी नकार दिला.

उणं बोलायचं तर २०४८ चा भाग. इमारती, पूल, फलक, प्रकाश, इतकी गर्दी की वळण कुठलं आणि सजावट कुठली ते कळायच्या आत भिंत. दिसायला देखणा आहे, नाही असं नाही. त्यातली हाणामारीची मोहीम मी अर्ध्यात सोडली, मला क्षेपणास्त्रं नकोत. एचडीचे ट्रॅक मोकळे, चकचकीत, नजर लांब जाऊ देणारे. सोल २ वर तर खाली नुसते ढग. आणि कितीही गोंधळ झाला तरी चित्र अडखळत नाही. व्हीआरचा भाग २०१८ मध्ये फुकट आला होता, पण ते डोक्यावरचं यंत्र फुकट नाही, त्यामुळे त्याबद्दल मत नाही.

पायलट असिस्ट चालू ठेवायचा की बंद, यावर भाचा आणि मी भांडतो. हा असिस्ट यानाला भिंतीपासून अलगद ढकलून आत ठेवतो. भाचा म्हणतो ती कुबडी. मी तीन महिने कुबडी घेऊनच चालले आणि मला काही लाज नाही. पण एअरब्रेक शिकायचा असेल तर बंद करा, नाहीतर आपण वळलो की त्याने वळवलं तेच समजत नाही.

काल शेवटी कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर गेले. पोराने कंट्रोलर उघडला, आतून तांदळाच्या दाण्याएवढा प्लॅस्टिकचा तुकडा आणि दुमडलेली स्प्रिंग काढून हातावर ठेवली. भाच्याचा जुना मेलेला कंट्रोलर मी सोबत नेलाच होता. त्यातली स्प्रिंग आणि ट्रिगर काढून यात बसवला. वीस मिनिटं. दोनशे म्हणाला, दीडशेवर आला. साडेअकराशेच्या नकलीत आता एक अवयव अस्सल आहे, आणि फरक लगेच कळतो: उजवा मऊ, खोल, सरळ परत येणारा. डावा मात्र आता फारच हलका वाटायला लागलाय. अनुल्फा पासवर रात्री तीनदा डावीकडे आपटले.

म्हणून आज संध्याकाळी परत गेले, म्हटलं डावाही बदलून टाक, जुन्यातला आहेच. त्याने एल-टू दोनदा दाबला आणि कंट्रोलर परत दिला.

"ताई, मोडू तर द्या."