फॉरमॅट मारायच्या आधी इथे दाखवा (लॅमिंग्टन रोड, हार्डडिस्कचं काम)

माझं डोंबिवलीत डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, दोन दिवाळी अंक, आणि गेल्या १७ वर्षांच्या सगळ्या फायली एकाच मशीनवर. बॅकअप होता पण फेब्रुवारीपर्यंतचाच, त्यानंतर लग्नसराई सुरू झाली आणि तो राहूनच गेला. म्हणजे मे महिन्यात जेव्हा हे सगळं झालं तेव्हा तीन महिन्यांचं काम फक्त त्या एका डिस्कवर होतं.

आधी नुसतं स्लो वाटत होतं. मग चालू व्हायलाच दहा-बारा मिनिटं, कोरलची (डिझाइनच्या सॉफ्टवेअरची) फाइल उघडली की स्क्रीन पांढरी, कॅबिनेटवरचा हार्डडिस्कचा दिवा विझायचं नाव नाही आणि मधेच आतून टक्... टक्... असा बारीक आवाज. नेहमी रिपेअरिंगला येणारा एक जण येऊन बघून गेला, विंडोज करप्ट झालंय म्हणाला, फॉरमॅट मारून नवीन टाकून देतो, ८०० रुपये. मी हो म्हणणारच होते पण त्याच दिवशी आमचे छापखानेवाले प्रूफ घ्यायला आले होते, त्यांनी ह्या दुकानाचा नंबर दिला आणि म्हणाले आधी ह्यांना विचारा.

फोनवर दुकानाच्या काकांनी पहिलाच प्रश्न केला, "ताई, मशीन आत्ता चालू आहे का? असेल तर बंद करा आणि परत लावू नका." आवाज कसा येतो, सारखा येतो की अधूनमधून, डिस्क दिसते का गायब होते, पाच मिनिटं हेच विचारत होते. पैशाचं काहीच नाही. मग म्हणाले अख्खं कॅबिनेट आणू नका, डिस्क तेवढी काढून जाड टॉवेलमध्ये गुंडाळून आणा. भाच्याने चार स्क्रू आणि दोन केबल काढून दिली. डोंबिवलीहून दादर, दादरला बदलून ग्रँट रोड, सगळा वेळ पिशवी मांडीवर.

दुकानातल्या मुलाने डिस्क त्यांच्या मशीनला लावली, क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. हे फुकट मिळतं, तुम्ही घरीही टाकून बघू शकता. वर पिवळ्या रंगात कॉशन, म्हणजे सावधान. खाली लांबलचक यादी असते, त्यातल्या मोजक्याच ओळी बघायच्या असं त्याने सांगितलं. ०५ म्हणजे खराब होऊन बदललेले सेक्टर (डिस्कवर डेटा साठवायचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे लटकलेले सेक्टर, सी७ म्हणजे केबलची गडबड. माझ्या सी७ ला शून्य, म्हणजे केबलचा दोष नाही. सी५ ला १२८. मला वाटलं १२८च आहेत, पण तो आकडा दहाऐवजी १६ च्या पायावर (हेक्साडेसिमल) लिहिलेला असतो, सेटिंग बदलून साध्या आकड्यात आणला तर २९६. तेव्हा स्लो का होतं ते कळलं, डिस्क त्या एकेका सेक्टरवर अडून तोच तोच परत वाचायचा प्रयत्न करते आणि तेवढा वेळ सगळं थांबून राहतं.

आणि फॉरमॅटचं काकांनी जे सांगितलं ते ऐकून अंगावर काटा आला. लटकलेल्या सेक्टरवर नवीन काही लिहिलं की डिस्क एकतर तो सेक्टर परत चांगला धरते नाहीतर राखीव जागेतला बदली देते, मग सी५ चा आकडा खाली येतो, मशीन पळायला लागतं, आठ-पंधरा दिवस सगळे खूश. पण त्या जागी जे होतं ते कायमचं गेलेलं असतं, आणि डिस्क मरायची ती मरतेच. चेकडिस्कसुद्धा (विंडोजमधलं डिस्क तपासून दुरुस्त करायचं साधन) अशा वेळी मारू नका म्हणाले, मरायला टेकलेली डिस्क ते पूर्ण घासून काढतं आणि फाइलींचे तुकडेही इकडेतिकडे करतं. डिस्क दिसतच नसती आणि नुसती खटखटत असती तर आम्ही हात लावला नसता हेही स्पष्ट सांगितलं. वाचणारं हेड प्लेटच्या वर काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, ते उघडायचं काम धूळ नसलेल्या खोलीतच होतं आणि त्याचा खर्च फार मोठा. फ्रीझरमध्ये ठेवायचा सल्ला मला आमच्या ग्रुपवर कोणीतरी दिला होता, तो विचारला तर अजिबात नाही, आत दव धरतं.

त्यांनी लिनक्सवर (विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टीम) डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कवरून डेटा उचलायचं सॉफ्टवेअर लावलं. ते जिथे अडतं तिथे हट्ट करत बसत नाही, नोंद करून पुढे जातं, आधी सगळा चांगला भाग उचलून घेतं आणि मग राहिलेल्या जागांवर परत परत येतं, मधे लाइट गेली तरी त्या नोंदीवरून तिथूनच पुढे सुरू. हे सगळं दुसऱ्या चांगल्या डिस्कवर उतरवलं. धडधाकट १ टीबी डिस्क तीनेक तासांत कॉपी होते, माझ्या डिस्कला १९ तास लागले. दुसऱ्या दिवशी डीडीरेस्क्यूच्या काळ्या स्क्रीनचा फोटो पाठवला, न वाचलेला भाग फक्त ४४ केबी! एवढ्या डिस्कमधून ४४ केबी. तो कुठल्या फाइलींमध्ये पडलाय तेही शोधून दिलं, २०१७ सालच्या दोन पत्रिका. ह्या वर्षीचं एकही काम गेलं नाही. मला दुकानातच रडू आलं, खोटं नाही सांगत.

नवीन एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्यायची तर मी ९६० जीबीवाली स्वस्त बघून दाखवली, ती त्यांनी विकली नाही. माझं जुनं विंडोज जसंच्या तसं उचलायचं होतं, त्यात जुनी श्रीलिपी (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर), तिचे फाँट, पानं लावायचं पेजमेकर, ज्याची सीडी आता शोधूनही सापडणार नाही, आणि तसा क्लोन, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल, करायचा तर नवी डिस्क जुनीएवढी, म्हणजे १ टीबी (१००० जीबी), किंवा मोठीच लागते. १ टीबी घेतली, ३ वर्षं वॉरंटी, पक्कं बिल. डेस्कटॉपच्या मोठ्या खाचेत ती अडीच इंची बसावी म्हणून पत्र्याचा ब्रॅकेट वेगळे पैसे न घेता दिला. घरी येऊन भाच्याने लावली, श्रीलिपीचं लॉक (ती चालायला मशीनला लावावी लागणारी छोटी चावी) होतं तसंच मागे खोचलेलं, बटण दाबलं आणि अर्ध्या मिनिटात माझा डेस्कटॉप समोर, आयकॉन होते त्याच जागी. डेटा काढायचे आणि क्लोनचे मिळून २५०० घेतले, एसएसडी वेगळी. डेटा निघाला नाही तर फक्त तपासायचे ३०० हे आधीच कागदावर लिहून दिलं होतं.

आता अडचणी. दुकान पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद आणि अंधारा, वयस्कर माणसाला पाठवू नका. बसायला एकच स्टूल. घाई असेल तर इथे जमणार नाही, माझे एकूण चार दिवस गेले आणि त्यात दोन पार्ट्यांची बोलणी खाल्ली. दुपारी १ ते ३ फोन उचलत नाहीत, व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवा, संध्याकाळी स्वतः फोन करतात. रविवारी बंद. जुनी डिस्क न मागता परत देतात, माझीवर काळ्या मार्करने तारीख आणि "खराब, वापरू नये" लिहून दिलंय.