मित्राच्या अकाउंटवरून आलेली लिंक

आमच्या फुटबॉल क्लबचा सामना सुरू व्हायला वीस मिनिटं होती. ही वेळ फसवणाऱ्यांनी मुद्दाम निवडली होती, हे मला फार उशिरा कळलं. संघ नुकताच जाहीर झाला होता, डिस्कॉर्ड या चॅट ॲपवरच्या आमच्या चाहत्यांच्या ग्रुपवर मेसेजचा पूर आला होता. त्या गडबडीत एका जुन्या मित्राच्या अकाउंटवरून मला खासगी मेसेज आला: "क्लब जुन्या टोकनधारकांना नवीन टोकन मोफत देतोय. सामना संपेपर्यंतच मिळतील. मी घेतले, तूही घे." खाली लिंक.

या मित्राला मी प्रत्यक्ष कधी भेटलेले नाही. पण चार हंगाम आम्ही एकाच व्हॉइस चॅटवर सामने पाहिले, पराभवाच्या रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो. त्याच्यावर शंका घ्यायची मला सवयच नव्हती. त्या संध्याकाळी मात्र लिहिणारा तो नव्हता. त्याचं अकाउंट आदल्या रात्रीच कुणीतरी ताब्यात घेतलं होतं.

फॅन टोकन म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. क्लबच्या परवानगीने ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेल्या सामायिक डिजिटल नोंदवहीवर, विकलं जाणारं हे टोकन जवळ असलं की क्लबच्या काही मतदानांत भाग घेता येतो. युव्हेंटसच्या चाहत्यांनी गोल झाल्यावर स्टेडियममध्ये वाजणारं गाणं असंच निवडलं. 2020 मध्ये बार्सिलोनाचे टोकन विक्रीला आले आणि दोन तासांच्या आत संपले. 2021 मध्ये मेस्सी पॅरिसला गेला, तेव्हा त्याला क्लबकडून जे मिळालं त्यात फॅन टोकनही होते. ती बातमी वाचून मी माझा पहिला टोकन घेतला. टोकन घेतल्याने क्लबच्या मालकीत वाटा मिळत नाही आणि भाव कधीही कोसळू शकतो, हे मला माहीत होतं. ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने डिसेंबर 2021 मध्ये आर्सेनलच्या फॅन टोकनच्या जाहिरातींवर, त्या नवख्या लोकांच्या अननुभवाचा फायदा घेतात म्हणून ठपका ठेवला होता, तेही मी वाचलं होतं. तरीही घेतला. ज्या क्लबसाठी आपण झोप मोडतो, त्याने आपलं मत विचारावं, मग ते संघाच्या बसवरच्या चित्राबद्दल का असेना, यात मोठं सुख आहे. ते मी आजही नाकारणार नाही.

लिंक उघडली. क्लबचं चिन्ह, क्लबचे रंग, खेळाडूंचे फोटो, सगळं जागच्या जागी. वेबसाइटच्या नावात एक अक्षर जास्त होतं, ते मी नंतर पाहिलं. "पात्रता तपासा" असं बटण होतं. माझं वॉलेट, म्हणजे टोकन सांभाळणारं ॲप, त्या साइटला जोडलं, वॉलेटमध्ये एक खिडकी उघडली, मी न वाचता मंजुरी दिली. तिथे माझी चूक झाली. मला वाटलं, ही नुसती ओळख पटवणारी सही आहे. प्रत्यक्षात मी एका अनोळखी कॉन्ट्रॅक्टला, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामला, माझे टोकन हवे तेव्हा, हवे तितके उचलायची परवानगी दिली होती. त्यासाठी माझा पासवर्ड लागला नाही, ज्यांनी वॉलेटचा पूर्ण ताबा मिळतो ते गुप्त शब्दही लागले नाहीत.

त्याच भरात मी ती लिंक ग्रुपमधल्या आणखी दोघांना पाठवली. हे लिहायला सगळ्यात जड जातंय.

मध्यंतरात वॉलेट उघडलं तर टोकन गेले होते. घाबरून मी त्या साइटपासून वॉलेट तोडलं आणि धोका टळला असं समजले. हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो, म्हणून नीट सांगते: साइटपासून वॉलेट तोडलं तरी दिलेली परवानगी ब्लॉकचेनवर तशीच राहते. ती वेगळा व्यवहार करून रद्द करावी लागते. मला हे कुणी सांगितलं नाही. आठवड्याभराने एक्स्चेंजवर, म्हणजे टोकनची खरेदी-विक्री होते त्या साइटवर, राहिलेले थोडे टोकन मी त्याच वॉलेटमध्ये आणले, तर काही मिनिटांत तेही गेले.

मी ग्रुपवर मदत मागितली. लगेच "सपोर्ट टीम" असं नाव लावलेल्या तिघांचे खासगी मेसेज आले. एकाने टोकन परत मिळवून देतो म्हणत फॉर्म पाठवला, त्यात वॉलेटचे बारा गुप्त शब्द भरायचे होते. मी सात शब्द टाइप केले होते. आठव्याला हात थांबला, कारण वॉलेट सुरू करताना हे शब्द कागदावर उतरवले होते आणि त्याच कागदावर मी स्वतःच लिहिलं होतं, "कुणालाही नाही." फसलेल्या माणसाला दुसऱ्यांदा फसवायला लोक टपलेलेच असतात. ब्लॉकचेनवर झालेला व्यवहार उलटवायला कुठली बँक मध्ये नसते, त्यामुळे पैसे भरून टोकन परत आणून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

मी सगळ्यांना सावध करणारा मेसेज टाकला तर ग्रुप सांभाळणाऱ्या मॉडरेटरने तो काढला. "सामन्याच्या दिवशी भीती पसरवू नका," असं उत्तर मिळालं. त्या मॉडरेटरला मी दोष देते. ग्रुपचं वातावरण जपण्याच्या नादात त्याने पुढच्या लोकांना उघड्यावर सोडलं. मी लिंक पाठवलेल्या दोघांपैकी एकाने ती उघडली नव्हती. दुसऱ्याचे सगळे टोकन गेले. तो तेव्हापासून व्हॉइस चॅटवर येत नाही. मी त्याची दोनदा माफी मागितली आहे.

आता क्लबची कुठलीही घोषणा मी क्लबच्या साइटचा पत्ता हाताने टाइप करूनच पाहते. टोकनचं नाव पाहून विश्वास ठेवत नाही, कारण कुठल्याही क्लबच्या नावाचा टोकन कुणालाही बनवता येतो. टोकनच्या कॉन्ट्रॅक्टचा ब्लॉकचेनवरचा पत्ता अक्षर न् अक्षर जुळवते. नवीन काही करून पाहायचं तर वेगळं, रिकामं वॉलेट वापरते. मित्राचा मेसेज आला तर त्याला व्हॉइस चॅटवर बोलावून आधी आवाज ऐकते.

माझे टोकन ज्या पत्त्यावर गेले तो ब्लॉकचेनवर कुणालाही पाहता येतो. तो कुणाचा, हे मात्र कळत नाही. गेल्या आठवड्यात एका मोठ्या सामन्याच्या आधी तासभर मी तो उघडून बसले होते. वेगवेगळ्या वॉलेटमधून तिथे टोकन येत होते, एकामागून एक.