हँड पॅलेट ट्रॉली आणि बॅटरी स्टॅकर: दोन पावसाळ्यांनंतर

गेल्या आठवड्यात आमच्या गोदामातली हँड पॅलेट ट्रॉली (पॅलेट, म्हणजे मालाखालचा फळ्यांचा पाट, उचलून हाताने ओढायची गाडी) माल धरून ठेवेना. हँडल मारलं की फोर्क, म्हणजे पॅलेटखाली जाणारे दोन लांब दांडे, वर जायचे आणि दोन मिनिटांत आपोआप खाली बसायचे. सर्व्हिसवाल्याने ट्रॉली न बघताच फोनवर सांगितलं, अख्खा हायड्रॉलिक पंप बदला. कोटेशन नव्या ट्रॉलीच्या जवळपास निम्म्या किमतीचं! संताप झाला. भिवंडीतल्याच एका मेकॅनिकने पंप उघडून सील किट बदललं, तेल भरलं आणि काही शे रुपयांत ट्रॉली चालू करून दिली. फोर्क असे बसत असतील तर बहुतेक वेळा सील गेलेलं असतं किंवा व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलेला असतो. वरच जात नसतील तर आधी हवा काढा: लिव्हर खाली सोडण्याच्या बाजूला दाबून धरायचा आणि हँडल १५-२० वेळा मारायचं. पैसा लागत नाही.

पण जास्त बोलायचंय ते चाकांबद्दल. अडीच टन क्षमता, ११५० मिमी लांब फोर्क हे बहुतेकांचं सारखं, आणि चाकांबद्दल विकणारा चकार शब्द काढत नाही. आमच्या ट्रॉलीला नायलॉनची आली. साखर-तांदळाची ५० किलोची वीस पोती म्हणजे एका पॅलेटवर एक टन, तरी ट्रॉली हलकी पळायची. सुरुवातीचे महिने मी भेटेल त्याला नायलॉनच घ्या म्हणून सांगत होतो. आता सांगणार नाही. कोब्याच्या सांध्यांच्या कडा फुटायला लागल्या. बारीक खडी चाकाखाली आली तरी भरलेली ट्रॉली जागीच थांबते आणि ओढणाऱ्या हमालाच्या खांद्याला हिसका बसतो. माणसाचा खांदा चाकापेक्षा महाग आहे.

दिवाळीनंतर पुढची लोड व्हील, म्हणजे फोर्कखालची छोटी चाकं, पीयूची (पॉलियुरेथेनची) बसवली. ओढायला जोर थोडा जास्त लागतो, पण आवाज गेला, हिसके गेले, जमीन वाचली. वजन जास्त भरलं तर पीयूचे टवके उडतात, ते सांभाळा. आणि चाक कुठलंही असो, आसाभोवती सुतळी आणि स्ट्रेच फिल्म गुंडाळली जाते. दर शनिवारी ब्लेडने कापून काढतो. ते केलं नाही तर बेअरिंग जाम होतं, चाक फिरायचं सोडून घासत जातं आणि एका बाजूने सपाट होतं.

स्टॅकर, म्हणजे पॅलेट उंच चढवणारं बॅटरीवरचं यंत्र, रॅकसाठी घेतला. काम चोख. मात्र खाली आडव्या फळ्या असलेली पॅलेट त्याला चालत नाहीत, कारण फोर्कखालचे पाय त्या फळ्यांवर येतात. आमची निम्मी जुनी पॅलेट त्यापायी बाद झाली, हा खर्च किमतीत धरा. एक टन लिहिलेलं असलं तरी मास्टवरची, म्हणजे फोर्क ज्यावर वर-खाली होतात त्या उभ्या खांबावरची, प्लेट वाचा. उंची वाढेल तशी क्षमता घटते. लेड-ॲसिड बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावरच घाला. आधी काठोकाठ भरलं तर चार्ज होताना ॲसिड बाहेर येतं.

माल जमिनीवरच ठेवणाऱ्यांनी स्टॅकरच्या फंदात पडू नये. त्यांना पीयू चाकांची ट्रॉली पुरते.