सेफ्टी शूज आणि स्प्लेंडरचा गिअर लिव्हर: सहा-सात महिन्यांनंतर

चाकण एमआयडीसीत जायचं म्हणजे पायात सेफ्टी शूज आलेच. पुढे लोखंडी टोपी, तळ जाड, घोट्यात बूट वाकत नाही. स्प्लेंडरचे चारही गिअर चवड्याने दाबून पडतात, त्यामुळे दरवेळी अख्खा पाय उचलून लिव्हरवर न्यावा लागायचा. ट्रॅफिकमध्ये पोटरी भरून यायची. लिव्हर ज्या शाफ्टवर (दांड्यावर) बसतो, त्याला बारीक दाते असतात. उन्हाळ्यात घरीच लिव्हर एक दाता खाली घेतला. दिवाळी झाली, अजून तसाच ठेवलाय आणि मी या बदलावर बेहद्द खूश आहे.

खर्च शून्य. दहा नंबरचा पाना घ्या. बोल्ट नुसता सैल करून भागत नाही. तो शाफ्टच्या खाचेत अडकलेला असतो, म्हणून पूर्ण काढायचा. त्याआधी शाफ्ट आणि लिव्हरवर मिळून नेलपॉलिशची एक सरळ रेघ मारा, म्हणजे मूळ जागा हरवत नाही. लिव्हर गंजून बसला असेल तर गंज सोडवायचा स्प्रे मारून थोडं थांबा, लिव्हरची बोल्टजवळची फट स्क्रूड्रायव्हरने जराशी फाकवा आणि हलवत ओढा. हातोडा अजिबात नको. शाफ्टचं ऑइल सील तिथेच आत आहे.

खरी मेख पुढे आहे. लिव्हर एकसंध असल्याने चवड्याकडचं टोक खाली गेलं की टाचेकडचं वर येतं. एका दात्याला टाचेने गिअर कमी करणं उलट सोपं झालं, पण टाच त्यावर टेकवून ठेवायची सवय मात्र सोडावी लागते. दोन दात्यांवर पाय तिरका होतो, तो नादच नको. बसवल्यावर गाडी मेन स्टँडवर घ्या, चाक हाताने फिरवत सगळे गिअर टाका आणि लिव्हर कुठे घासत नाही ना ते बघा.

ब्रेकच्या पेडलला मी हात लावला तो फक्त मोकळ्या चालीपुरता, म्हणजे ब्रेक लागायच्या आधी पेडल जेवढं सैल दबतं तेवढ्यापुरता. ती २० ते ३० मिमी हवी. मागच्या रॉडचा नट आवळला की चाक मोकळं फिरतंय ना आणि ब्रेक लागायच्या आधी मागचा दिवा पेटतोय ना, दोन्ही तपासा. २०१९ नंतरच्या गाड्यांत मात्र हेच पेडल पुढचा ब्रेकही ओढतं, तिथे घरी प्रयोग करू नका, मिस्त्रीकडे जा.

पावसाळाभर चिखल खाऊनही लिव्हर हलला नाही. गाडी धुताना तेवढा बोल्ट पान्याने तपासतो. घरात कुणी चप्पल घालून तीच गाडी चालवत असेल, तर मूळ जागाच बरी.