स्पेशियल फिल्टर रिकामा येतो तेव्हा: जिओपांडाज, पोस्टजीआयएस की ओजीआर?

प्रभागांच्या हद्दी एका फाइलीत, बसथांबे दुसऱ्या फाइलीत. कोणता थांबा कोणत्या प्रभागात पडतो एवढंच काढायचंय, आणि उत्तर येतं शून्य ओळी. एररही नाही. साधनं तीन: जिओपांडाज ही पायथॉनची लायब्ररी, पोस्टजीआयएस हा पोस्टग्रेस डेटाबेसचा विस्तार, आणि ओजीआर हा नकाशाच्या फाइली वाचणारा, जीडॅल या लायब्ररीचा भाग. असं काम नेहमीचं असेल तर साधन निवडताना वेगाच्याही आधी एक गोष्ट पाहावी असं माझं ठाम मत आहे: काही बिघडलं की हे साधन बोलतं का?

जिओपांडाज आणि पोस्टजीआयएस या दोन्हींत भूमितीचं गणित जिऑस ही एकच सी++ लायब्ररी करते. त्यामुळे 'विदिन'चं, म्हणजे 'आत आहे का' या तपासणीचं, उत्तर इथे एक आणि तिथे दुसरं असं सहसा होत नाही. घोळ होतो तो गणिताच्या आधी, बहुतेकदा निर्देशांक प्रणालीत, म्हणजे जागेचे आकडे कोणत्या पद्धतीने आणि मापात लिहिलेत त्यात. प्रत्येक प्रणालीला ईपीएसजी क्रमांक असतो. थांबे ईपीएसजी ४३२६ मध्ये म्हणजे अंशांत, प्रभाग ३२६४३ मध्ये म्हणजे मीटरमध्ये. पोस्टजीआयएस अशी क्वेरी चालवतच नाही. एसआरआयडी (प्रणालींचे क्रमांक) जुळत नाहीत असं सांगून थांबतं. दोन थर (लेयर) स्थानावरून जोडणारं जिओपांडाजचं एसजॉइन इशारा देतं आणि पुढे जातं. नोटबुकात इशारे बंद असतील तर हातात फक्त रिकामा तक्ता उरतो. ओजीआरचा सेटस्पेशियलफिल्टर दिलेली आकृती थराच्याच प्रणालीत आहे असं धरून चालतो.

मात्र इथे पोस्टजीआयएसला पैकीच्या पैकी गुण देता येत नाहीत. एसटी_सेटएसआरआयडी फक्त लेबल बदलतं, आकडे बदलतं ते एसटी_ट्रान्सफॉर्म. चुकीचं लेबल लावलं तर ते मुकाट्याने लागतं. जिओपांडाजमध्ये आधीची प्रणाली नोंदलेली असताना सेट_सीआरएसने दुसरी लावू गेलं तर ते अडवतं. अंतराच्या बाबतीतही तसंच. ४३२६ मधल्या जिऑमेट्री स्तंभावर 'इतक्या अंतराच्या आत आहे का' हे पाहणाऱ्या एसटी_डीविदिनला ५०० दिलं तर ते ५०० अंश समजतं आणि सगळ्याच ओळी परत करतं. जिओपांडाज अंशांतल्या थरावर बफर (भोवतालचं क्षेत्र) किंवा अंतर काढताना निदान टोकतं.

अक्षांश-रेखांशांची अदलाबदल तिघांपैकी कुणीच पकडत नाही. पुण्याचे १८.५२ आणि ७३.८६ उलटे पडले तर बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन बसतो, आणि ७३.८६ हा वैध अक्षांश असल्यामुळे शंकाही येत नाही. जीडॅल ३.० पासून, म्हणजे २०१९ पासून, ४३२६ चं रूपांतर करताना अक्षांश आधी धरला जातो. जुन्या ओजीआर स्क्रिप्ट त्यामुळेच अडखळतात. तिथे अक्षक्रम 'ट्रॅडिशनल जीआयएस ऑर्डर' असा स्पष्ट सांगावा लागतो. म्हणून कुठलाही फिल्टर लावण्याआधी दोन्ही थरांची व्याप्ती छापून पाहा: जिओपांडाजमध्ये टोटल_बाउंड्स, पोस्टजीआयएसमध्ये एसटी_एक्स्टेंट. निम्म्याहून जास्त कोडी तिथेच सुटतात.

जिओपांडाजचा एक सापळा मात्र खास त्याचाच. 'थांबे.विदिन(प्रभाग)' लिहिलं की प्रत्येक थांबा प्रत्येक प्रभागाशी ताडला जाईल असं वाटतं. प्रत्यक्षात ओळींचा इंडेक्स जुळवून पहिला थांबा पहिल्या प्रभागाशी, दुसरा दुसऱ्याशी असं चालतं. सगळ्यांची सगळ्यांशी तुलना हवी असेल तर एसजॉइनच. एसक्यूएलमध्ये ही चूक सहजी होत नाही, कारण जॉइनची अट तुम्हीच लिहिता.

हद्दीवरच्या थांब्यांचा प्रश्न तिन्हीकडे सारखा. दोन प्रभागांच्या सामाईक रेषेवर नेमका पडलेला बिंदू 'विदिन'ने कुठल्याच प्रभागात येत नाही आणि 'इंटरसेक्ट्स'ने दोन्हींत येतो. ओळी गळाल्या किंवा दुप्पट झाल्या तर आधी इथे पाहा. हद्दही धरायची असेल तर पोस्टजीआयएसमध्ये एसटी_कव्हर्डबाय आहे, पण बिंदू शेवटी कोणत्या एका प्रभागाला द्यायचा हा नियम तुम्हालाच ठरवावा लागतो. स्वतःलाच छेदणाऱ्या हद्दी शोधायला पोस्टजीआयएसचं एसटी_इजव्हॅलिडरीझन मला फार आवडतं. बिघाड काय आणि कोणत्या बिंदूवर, दोन्ही सांगतं.

ओजीआर मोठ्या फाइलीतून हवा तो भाग उचलण्यासाठी घ्या, अंतिम निवाड्यासाठी नको. काही ठिकाणी त्याचा फिल्टर फक्त आकृत्यांभोवतीच्या आयताकृती चौकटी ताडतो, त्यामुळे जास्तीच्या आकृत्या येऊ शकतात. शिवाय फिल्टर थरावर चिकटून राहतो: पुढच्या मोजणीआधी तो नन (None) देऊन काढला नाही तर आकडे कमी भरतात. ओजीआर२ओजीआरचं '-स्पॅट' आकृती निवडतं, कापत नाही, कापायला '-क्लिपएसआरसी'.

एकदाच करायचं विश्लेषण, काही हजार ओळी, पायथॉनची सवय असेल तर जिओपांडाज घ्या आणि इशारे चालू ठेवा. तेच काम दर आठवड्याला, अनेकांच्या हातून होणार असेल तर मी पोस्टजीआयएसच निवडेन. राज्यभराची अंतरं मोजायची असतील तर आणखी एक कारण आहे: महाराष्ट्र यूटीएम या मीटरमधल्या प्रणालीच्या ४३ आणि ४४ अशा दोन पट्ट्यांत पसरलाय, आणि पोस्टजीआयएसचा जिऑग्राफी प्रकार पट्ट्यांत न अडकता थेट मीटरमध्ये उत्तर देतो.