रविवारच्या बॅचला चार तारे, शनिवारच्या बॅचला दोन

या क्लासच्या बोर्डावर तेव्हा 'मेडिकल फिजिशियन प्रवेश तयारी' असं लिहिलेलं होतं. फिजिसिस्टचा, म्हणजे किरणोपचाराचा डोस मोजणाऱ्याचा, फिजिशियन म्हणजे डॉक्टर झालेला! तिथूनच मागे फिरायला हवं होतं, पण अठरा हजार आधीच ऑनलाइन भरून मोकळी झाले होते. (नाव लिहीत नाही. पुण्यात या विषयाचे क्लास घेणारे असे आहेतच किती, शोधणाऱ्याला सापडेल.)

मी सोलापूरची, एम.एस्सी. फिजिक्स. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिओलॉजिकल फिजिक्स डिप्लोमाची प्रवेश परीक्षा द्यायची होती. १९६२ पासून चालू असलेला हा डिप्लोमा मुंबईत वर्षभराचा असतो आणि जागा मोजक्याच. म्हणून चार महिन्यांचा क्लास लावला. आता एका हॉस्पिटलच्या तळघरात लिनॅकवर, म्हणजे कॅन्सरला किरणं देणाऱ्या मशीनवर, काम करते, त्यामुळे क्लासमधलं काय उपयोगी पडलं ते सांगू शकते.

आधी तक्रार. शनिवारचे सर स्लाइड वाचून दाखवायचे, बस. नोट्समध्ये कोबाल्ट-६० या किरणोत्सारी पदार्थाचं अर्धायुष्य ५.७२ वर्षं छापलेलं. खरं ५.२७. आमच्या बॅचमधल्या निम्म्यांनी तसंच पाठ केलं. दुसरं म्हणजे जाहिरातीतलं 'दीड वर्षात नोकरी'. डिप्लोमाचं एक वर्ष, मग रेडिओथेरपी विभागात इंटर्नशिपचं एक वर्ष, वर आरएसओची परीक्षा, म्हणजे रेडिएशन सेफ्टी ऑफिसर व्हायचं तर तीही द्यायची. इंटर्नशिपचं वर्ष त्यांनी हिशेबात धरलंच नव्हतं, आणि मी पप्पांना तोच हिशेब सांगून बसले होते.

आता रविवार. एक निवृत्त फिजिसिस्ट शिकवायचे. एकदा त्यांनी आम्हा पाच जणांना त्यांच्या ओळखीच्या हॉस्पिटलात नेलं. सुट्टीचा दिवस, मशीन रिकामं. माशांच्या टाकीसारखा वॉटर फँटम, म्हणजे पेशंटच्या शरीराऐवजी वापरायची पाण्याची टाकी, भरला, दहा सेंटीमीटर खोलीवर किरणं मोजणारा आयन चेंबर लावला, आणि सर म्हणाले, "आता बसा. पाणी खोलीच्या तापमानाला येऊ दे." पाऊण तास नुसते बसलो. तेव्हा वैताग आला होता. आज मीही तशीच बसते.

या चेंबरमधली हवा बाहेरच्या हवेला जोडलेली असते. हवा विरळ असली की तेवढ्याच किरणांना चार्ज कमी गोळा होतो, म्हणून रीडिंग २० अंश तापमान आणि १०१३.२५ हेक्टोपास्कल दाबाला आणून दुरुस्त करायचं. मी मोबाइलवर दाब बघितला, १०१०. सरांनी काही न बोलता त्यांचा बॅरोमीटर पुढे सरकवला. ९४८.

"पुणं समुद्रकिनारी कधी गेलं गं?"

हवामानाची ॲप दाब समुद्रसपाटीचा करून दाखवतात, हे मला माहीतच नव्हतं. माझ्या आकड्याने मशीनचा डोस खऱ्यापेक्षा सहा टक्क्यांनी कमी दिसत होता. त्यावर विसंबून मशीनचा डोस वाढवला असता, तर प्रत्येक पेशंटला तेवढा डोस जास्त गेला असता. कॅलिब्रेशनला, म्हणजे मशीनचा डोस असा मोजून ताडून बघताना, दोन टक्क्यांपलीकडे फरक आला तरी आम्ही हातातलं सगळं सोडून कारण शोधत बसतो. सरांनी ओरडून दाखवलं नाही, दोन्ही आकडे घेऊन गणित दोनदा करायला लावलं. प्रवेश परीक्षेत यातलं काही आलं नाही. नोकरीत दर महिन्याला येतं.

मुलाखतीचा सराव बरा होता. एसी बंद, पार्किंग नाही. फी परत मिळत नाही, हप्ते मात्र करून देतात. फक्त रविवारची बॅच मिळते का ते आधी विचारा, काउंटरवरची बाई आपणहून सांगत नाही.

कोबाल्टचा आकडा चुकलाय हे मी तेव्हाच फोन करून कळवलं होतं. परवा मावसबहिणीसाठी चौकशीला गेले, तर बोर्ड नवा होता, स्पेलिंगसकट बरोबर. नोट्स चाळल्या. ५.७२.