'सेंद्रिय'चा शिक्का आणि काहिलीतला गूळ: कोल्हापुरात मिळणाऱ्या चार प्रकारांची पारख

कोल्हापुरात गूळ घ्यायला गेलं की आता दोन ढीग दिसतात. एक पिवळाधमक, दुसरा चॉकलेटी. चॉकलेटी ढिगावर 'सेंद्रिय', 'नैसर्गिक', 'केमिकल-फ्री' असे शिक्के, आणि भाव चढा. साखर सोडलेले, व्हीगन झालेले, डॉक्टरांनी दटावलेले असे सगळे तिकडेच वळतात. हा आढावा त्या दुसऱ्या ढिगाचा आहे: एक किलोची ढेप, पावडर, क्यूब आणि बाटलीतली काकवी. दुकानांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. एका दुकानात दोन-तीन गुऱ्हाळांचा माल असतो आणि तोच शिक्का पुढच्या हंगामात वेगळा निघतो. नाव लक्षात ठेवण्यापेक्षा पारख शिकलेली बरी.

आधी शिक्क्याचा घोळ. 'सेंद्रिय' हा शब्द शेताबद्दल बोलतो, 'केमिकल-फ्री' काहिलीबद्दल, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईबद्दल. युरिया घातलेल्या उसाचा गूळ भेंडीच्या रसाने साफ केला तर तो केमिकल-फ्री म्हणून विकता येतो, पण तो सेंद्रिय नाही. दुकानात बहुतेक वेळा दोन्ही शब्द एकाच अर्थाने चिकटवलेले असतात. प्रमाणित सेंद्रिय मालावर 'जैविक भारत'चं चिन्ह असतं, ते बघा. 'नैसर्गिक' या शब्दामागे कोणतंही प्रमाणपत्र नाही. थेट शेतकऱ्याच्या गुऱ्हाळावरून घेत असाल तर शिक्क्याची गरजच नाही, तिथे दोनच प्रश्न विचारा: मळी कशाने काढता, आणि फेस कशाने मारता?

या दोन प्रश्नांत गुऱ्हाळाची निम्मी कुंडली कळते. रस काहिलीत तापायला लागला की गुळव्या (गूळ करणारा कारागीर) त्यात भेंडीची खोडं-मुळं ठेचून काढलेलं चिकट पाणी ओततो. त्या चिकटपणात घाण अडकते आणि मळी होऊन वर येते, ती झाऱ्याने काढायची. रसाचा आंबटपणा मारायला चुन्याची निवळी. ती कमी पडली तर गूळ मऊ, चिकट राहतो, ढेप धरत नाही. जास्त झाली तर काळपट आणि दगडासारखा होतो. फेस उतू जायला लागला की थोडं तेल. इथवर सगळं वनस्पतीजन्य आणि खनिज. काही ठिकाणी मळी काढायला दूध टाकायचीही जुनी रीत आहे. व्हीगन असाल तर हे विचारलेलं बरं, शिक्क्यावर ते कधीच लिहिलेलं नसतं.

जाता जाता: साखर हाडांच्या कोळशाने गाळतात म्हणून गूळ खावा, हा युक्तिवाद परदेशातून उचललेला आहे. आपल्याकडच्या कारखान्यांत रस साधारणपणे चुना आणि गंधकाच्या धुराने साफ करतात. गूळ खायला दुसरी कारणं पुष्कळ आहेत, हे कारण नको.

पिवळा रंग येतो कुठून? बहुतेक वेळा हायड्रॉस पावडरीतून, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइटातून. ती रसाचा रंग उडवते. बाजारात पिवळ्याला भाव मिळतो, म्हणून गुळव्याचा हात सैल सुटतो. कायद्याने गुळात गंधकाचा अंश (सल्फर डायऑक्साइडच्या हिशोबाने) किलोला ७० मिलिग्रॅमच्या वर नको. गंमत म्हणजे हा रंग टिकत नाही. हवा लागली की काही आठवड्यांत ढेप बाहेरून पुन्हा काळवंडते. जुनी पिवळी ढेप फोडा: कडेला तपकिरी पट्टा आणि आत पिवळा गाभा दिसला की शंका घ्यायला जागा आहे. मात्र उसाची जात, जमीन आणि निगा चांगली असेल तर बिनहायड्रॉसचा गूळही सोनेरी निघतो. गुळासाठी नावाजलेल्या को ९२००५ उसाचा तसा येतो. म्हणून 'काळा तो शुद्ध' हेही खरं नाही. पाक करपला तरी गूळ काळाच होतो.

एक किलोची ढेप. चारांत हीच सगळ्यात भरवशाची. चांगली ढेप हातात घेतली की बाजूला कापडाच्या विणीचा ठसा दिसतो, कारण साच्यात ओलं कापड घालून पाक भरतात. नखाने दाबलं तर किंचित खूण उमटावी, बोट रुतू नये. फोडली की आतला कण बारीक आणि एकसारखा दिसावा. दाताखाली चकाकणारे, टोकदार स्फटिक लागले तर काहिलीत साखर गेली असण्याची शक्यता असते. साखर स्वस्त आणि गूळ महाग असतो तेव्हा हा उद्योग चालतो. पण हे घरी छातीठोकपणे सांगता येत नाही, गुळातही मुख्यतः तीच साखर असते.

घरी करता येण्यासारखी एक तपासणी मात्र उपयोगी आहे. काचेच्या ग्लासात १०० मिली कोमट पाण्यात १० ग्रॅम गूळ विरघळवा आणि अर्धा तास हलवू नका. तळाशी चिपाडाचे दोन-चार तपकिरी कण असतील तर चालतंय. पांढरा, पिठासारखा थर बसला तर वरचं पाणी ओतून टाका आणि त्या थरावर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर खडूची भुकटी. मग चव: खारट लागला तर चोपण, म्हणजे खारवट जमिनीतला ऊस किंवा रसायनाचा मारा, कडवट लागला तर करपलेला पाक. हायड्रॉसचा नेमका अंश प्रयोगशाळेशिवाय कळत नाही, ग्लासात बघून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पावडर. सोयीला पहिला नंबर, चवीला तिसरा. ढेपेचा पाक साधारण ११८ अंशांवर उतरवतात, पावडरीचा १२० ते १२२ अंशांवर, आणि मग घोटून घोटून कोरडा करतात. त्यामुळे उसाचा ओला वास बराच उडून जातो. चहात, नाचणीच्या आंबिलात, लाडवात मिसळायला मात्र तोड नाही. अडचण जून ते सप्टेंबरची. कोल्हापूरच्या पावसात उघडलेलं पाकीट आठवड्यात ढेकूळ होतं, कारण गुळातली मोकळी साखर हवेतलं पाणी ओढते. पावसाळ्यात पाव किलोचंच पाकीट घ्या. भर पावसात उघडं ठेवूनही वाळूसारखी सुटी राहणारी पावडर दिसली तर पाकिटावरची घटकांची यादी वाचा, त्यात एकट्या गुळाचं नाव असण्याची शक्यता कमी.

क्यूब. पाहुण्यांसमोर ठेवायला देखणे, किलोच्या हिशोबाने महाग. एक क्यूब किती ग्रॅमचा ते पाकिटावर असतं, मोजून खाणाऱ्यांना तेवढाच फायदा. बाकी तीच ढेप, चौकोनी.

काकवी. खरी मजा इथे आहे, आणि खरी फसगतही. गुळाच्या बऱ्याच आधी, १०५-१०६ अंशांवर पाक उतरवला की काकवी. मध सोडलेल्या व्हीगन लोकांना याहून चांगला पर्याय शोधून सापडायचा नाही: भाकरीवर, घावनावर, भाजलेल्या तिळात, मधाच्या जागी तेवढ्याच मापाने चालते. चांगली काकवी चमच्यातून अखंड धार धरून पडते आणि शेवटी तार न ओढता तुटते. पाण्यासारखी पळाली तर पाक लवकर उतरवलेला आहे; अशी बाटली उन्हाळ्यात आंबते, झाकण उघडताना फस्स होतं. तळाशी खडे धरले तर पाक जास्त चढलेला, पण ती खराब नव्हे, बाटली गरम पाण्यात ठेवली की खडे विरघळतात.

आता फसगत. काकवी टिकवायला सायट्रिक ॲसिड आणि पोटॅशियम मेटाबायसल्फाइट किंवा बेंझोइक ॲसिड घालण्याची पद्धत रूढ आहे. त्यात बेकायदा काही नाही. पण समोर 'केमिकल-फ्री' आणि मागे बारीक अक्षरात ३३०, २२४ किंवा २१० हे आकडे (याच तिघांचे क्रमांक) असतील तर समोरच्या शब्दांचे जादा पैसे का द्यायचे? बिनपरिरक्षक काकवी हवी तर हंगामात गुऱ्हाळावरून, स्वतःच्या कोरड्या काचेच्या बाटलीत घ्यावी आणि फ्रीजमध्ये ठेवावी.

चॉकलेटी गुळाविरुद्ध दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात, दोन्हींत दोष वापरणाऱ्याचा.

पहिली, चहा फाटतो. गुळातला आंबटपणा आणि क्षार दुधाला नासवतात, सोया दुधाला तर लगेच. करायचं असं: १५० मिली पाण्यात चहा, आलं उकळा, १२ ग्रॅम गूळ घालून विरघळू द्या, गॅस बंद करा, मिनिटभर थांबा. दुसऱ्या भांड्यात १०० मिली सोया दूध कोमट करा आणि चहा गाळून दुधात ओता, दूध चहात नाही. यानंतर पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही. ओटचं दूध या बाबतीत जास्त सोशिक, नारळाचं मधलं.

दुसरी, चिक्की चिवट होते. मऊ, गडद गुळात ग्लुकोज-फ्रुक्टोजचा वाटा जास्त असतो, तो पाक कडक होऊ देत नाही. पाक पुढे नेला तर कडक व्हायच्या आत करपतो. बाजारात 'चिक्कीचा गूळ' वेगळा मागून मिळतो, तोच घ्या. पाव किलो दाण्यांना २०० ग्रॅम पुरतो. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून वाटीवर आपटला की टण्ण वाजला पाहिजे आणि काडकन तुटला पाहिजे. वाकला तर अजून वेळ आहे. चॉकलेटी ढेप पुरणाला लावा. पाव किलो हरभरा डाळीला तेवढाच गूळ, आणि पुरणात उलथनं उभं राहीपर्यंत आटवायचं. तूप-दूध न खाणाऱ्या पाहुण्यासाठी वेगळा बेत करायची गरज नाही: पोळी तेलावर भाजा, सोबत नारळाच्या दुधातली गुळवणी. गूळ, वेलदोडा, सुंठ आधी पाण्यात उकळून गार करायचं, नारळाचं दूध शेवटी.

राहता राहिला तब्येतीचा भाग. कोल्हापुरात पंगतीत मधुमेह्याला आग्रह होतो तो याच शब्दांत: "गुळाचं हाय, चालतंय की!" चालत नाही. मानकानुसार गुळात कोरड्या वजनावर एकूण साखर ९० टक्क्यांच्या खाली चालत नाही. रक्तातली साखर ती कुठल्या ढिगातून आली ते विचारत नाही. आग्रहच करायचा तर कटाच्या आमटीचा करावा. लोहाचंही तसंच. पाकिटावर आकडा १०० ग्रॅमचा छापतात, खाणारा खडा १० ग्रॅमचा. प्रौढ बाईची दिवसाची गरज २९ मिलिग्रॅम. खड्यातून फार तर मिलिग्रॅमभर मिळतं. मेथीची भाजी, मसूर आणि वर लिंबू याने जास्त काम होतं. गूळ चवीसाठी खा, औषध म्हणून नको.

गूळपेठ म्हणून शाहूपुरी वसवली ती १८९५ साली, शाहू महाराजांच्या काळात. आता सौदे मार्केट यार्डात निघतात आणि ३० किलोच्या रव्यांचा, म्हणजे मोठ्या ढेपांचा हिशोब तिथेच चालतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या नावावर बाहेरचा मालही खपतो, म्हणून घेताना गुऱ्हाळाचं गाव आणि भरल्याची तारीख विचारा. दुकानदाराला गाव सांगता येत नसेल तर पुढच्या दुकानात जा. नवा गूळ दिवाळी पाडव्यापासून येतो. वर्षाचा साठा करायचा तर जानेवारी-फेब्रुवारीत करावा, तेव्हा ऊस पुरता पिकलेला असतो आणि गूळ टिकाऊ निघतो. ढेप फोडून न ठेवता अख्खी, कोऱ्या कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. ओली सुरी लावली की तिथूनच पाझरायला सुरुवात होते.